काकडीचा राग

४ एप्रिल

प्रिय धाकटे,

आधी सगळ्यांच्या तब्येतीची हजेरी घेते, मग भांडते.

भाऊजींची कंबर कशी आहे? लाँड्रीची व्हॅन सुटली म्हणून कंबर सुटत नाही. हॉटेलातही चादरींची गाठोडी उचलावी लागतच असणार. त्यांना म्हणावं, गुडघ्यातून वाका, कंबरेतून नको. वहिनीचं ऐकून आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. चिमणीचा पुढचा दात आला का? त्या फटीतून ती काय सुरेख शीळ घालायची, आता ती विद्या गेली असेल. आणि तुझं मनगट? मोठं पातेलं अजून उजव्या हातानेच उचलतेस ना? मला ठाऊक आहे. सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले, पण तुझ्या मनगटाला अक्कल आली नाही.

इकडे हे बरे आहेत. दिवसभर लाँड्रीच्या बॉयलरच्या धगीपाशी उभे राहतात आणि घरी येऊन पंख्याला शिव्या देतात. मी ठणठणीत. मला काय धाड भरलीय! मामंजींचं मात्र बरं नाही, आणि खरं सांगायचं तर हे पत्र त्यांच्यासाठी आहे, तुझ्यासाठी नाही. फोन तू उचलत नाहीस. उचललास तर ‘हं’ म्हणून भाऊजींच्या हातात देतेस, आणि सख्खा दीर झाला तरी त्यांच्याशी फोनवर बोलणं म्हणजे बंद दुकानाच्या फळीवर थापा मारणं. पत्राचं बरं असतं. माझं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

तर ऐक. ऊन तापायला लागलं तसं मामंजींनी तोंड मिटलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला तो गेलाच, पण थंडीत कुस्करलेला बटाटा, मऊ अंडं, काहीबाही पोटात जायचं. आता गरम दिलं तर घशाला चटका बसतो आणि निववून दिलं तर तोंड फिरवतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “महिनाअखेरीपर्यंत वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.” हे ऐकल्यावर मामंजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही नळी मीच पिशवीत घालून आणली होती.

गेला उन्हाळा ते तुझ्या काकडीच्या गार सुपावर तरले. त्यात डब्यातला ट्यूना मासा असायचा म्हणून अंगाला लागायचंही. परवा मी विचारलं, “मामंजी, काय खावंसं वाटतं, एकदा सांगून टाका.” तर त्यांनी बोटाने हवेत वाटी काढली, मग दोन्ही हातांनी स्वतःला कवटाळून कुडकुडून दाखवलं. गार वाटी. एवढं कळायला मला शाळेत जायला नको.

तेव्हा त्या सुपाची कृती पाठव. गेल्या वर्षी मी तिकडे लक्ष दिलं नाही. लाँड्रीच्या कॅन्टीनात तुझं पातेलं तुझं, माझ्या सँडविचच्या काकड्या माझ्या, असं आपलं चाललं होतं.

बाकी भांडणाचं म्हणशील तर मी ते केव्हाच विसरले. पातेल्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले की “झाकण तरी नीट ठेवत जा.” तू झाकण ओट्यावर आपटलंस, ते अजून एका बाजूने चेपलेलं आहे, आणि म्हणालीस, “मग तुम्हीच सांभाळा तुमचं स्वयंपाकघर.” थंडी पडायच्या आत भाऊजींनी दुसऱ्या गावची नोकरी धरली. आता तूच सांग, झाकणापायी गाव सोडल्याचं कुणी ऐकलंय? पण मी विसरले.

कृती पाठव. अगदी लवकर.

तुझी,
ताई


११ एप्रिल

धाकटे,

कार्ड मिळालं. वर ‘ताई’ नाही, खाली नाव नाही. पहिलाच शब्द ‘काकड्या’. मला वाटलं भाजीवाल्याची चिठ्ठी चुकून आमच्याकडे आली.

असो. मिळालं हे काय कमी आहे. काकड्या सोलायच्या, दही, लसणाची पाकळी, लिंबू, शेपू, थोडं तेल आणि बर्फाचं पाणी, सगळं मिक्सरमधून काढायचं. ट्यूना अर्धा त्यातच फिरवायचा, अर्धा वरून घालायचा. मामंजींसाठी सगळाच फिरवून गाळायचा. मग गार करायचं. वाचून मला हसू आलं. म्हटलं एवढंच? यासाठी लाँड्रीच्या बायका इस्त्र्या सोडून माझ्या खिडकीशी रांग लावायच्या? मी डब्यांवरचं वाचून वाचून स्वयंपाक शिकले, पण शिकले तर खरी. हे तर मी डोळे मिटून करीन.

तर डोळे मिटूनच केल्यासारखं झालं.

पहिल्या दिवशी अगदी तुझ्या कार्डाबरहुकूम केलं. तासाभराने फ्रिज उघडून पाहते तर वर हिरवा फेस, खाली गढूळ पाणी, आणि मासा तळाशी रुसून बसलेला. चाखलं तर कडू. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काकडीचा राग काढलाच नाही. तुला मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आठवतं? काकडीच्या पोटात राग असतो. मीठ लावून तो बाहेर काढायचा आणि मोरीत ओतून द्यायचा. सँडविचच्या काकड्या मी तशाच करते, म्हणून तर आपला पाव कधी ओला होत नाही. मग दुसऱ्या दिवशी सुपाच्या काकड्याही तशाच चांगल्या पिळून घेतल्या, राग ओतून दिला, आणि मग मिक्सरला लावल्या.

काय सांगू! ओल्या रद्दीची चटणी. पिळलेल्या काकडीत बर्फाचं पाणी घालणं म्हणजे रडून झालेल्या माणसाच्या तोंडावर पाण्याचा हबका मारणं. त्यात ट्यूनाला उग्र वास वाटला म्हणून मी तो नळाखाली धुऊन घेतला होता, तर चव सगळी नळाबरोबर गेली आणि हातात कापूस राहिला. हे एक घोट घेऊन म्हणाले, “औषध आहे का?” मी म्हटलं, “हो, जास्त बोलणाऱ्यांसाठी.”

मामंजींनी चमचाभर घेतलं, आणि डावी भुवई वर गेली. ती भुवई तुला माहीत आहे. आवाज होता तेव्हाही ते तिनेच बोलायचे.

आणि आणखी एक ताप. त्यांची खुर्ची कॅन्टीनच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे, तिथेच, जिथे बसून ते नॅपकिनच्या घड्या घालतात. सकाळी मी सँडविचच्या काकड्या पिळत होते, तर ते उठून आले आणि चमच्याने त्या पिळलेल्या पाण्याच्या वाडग्यावर टण टण करायला लागले. म्हटलं, “ओततेय हो मामंजी, ओततेय! दोन हात आहेत मला.” आणि लगेच ओतून दिलं. तर कपाळावर हात मारून घेतला आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. म्हातारपणी माणसाला टापटिपीची बाधा होते का ग? आवाज असता तर रोज मला मोरी धुवायला लावली असती.

तुझ्या कार्डात काहीतरी राहिलंय. तू विसरभोळी नाहीस, म्हणून विचारते. बर्फ किती? दही आंबट की गोड? नीट लिही. आणि खाली नाव घाल, तुझ्या नावाला काही टपालहशील जास्त पडत नाही.

ताई


१८ एप्रिल

धाकटे,

उत्तर नाही. बरं.

आज मामंजींना लाँड्रीच्या काट्यावर बसवलं, ज्यावर मळके कपडे तोलतात त्या. मुकादम आकडा वाचायला वाकला आणि त्याने नेहमीप्रमाणे थट्टा केली, “आजोबा, तुमच्यापेक्षा टॉवेलांचं गाठोडं जड!” सगळ्या बायका हसल्या, मामंजीही खांदे हलवून हसले. मग मुकादमाने आकडा मला हळूच सांगितला आणि मामंजींना स्वतः हात देऊन काट्यावरून उतरवलं. त्या माणसाला मी इतक्या वर्षांत कुणाला हात देताना पाहिलं नव्हतं.

मी काय करायचं बाकी ठेवलंय ते तरी सांग. साय घालून पाहिली. तुपकट झालं. बटाटा घातला, तर खळ झाली. कपड्यांना लावली असती तर कॉलर कडक राहिली असती. ट्यूना दुप्पट घातला, तर दिवसभर मांजरं कॅन्टीनच्या दाराशी धरणं धरून बसली. इस्त्रीवाल्या बायका रोज खिडकीशी येऊन विचारतात, “थोरल्या बाई, सूप कधी?” मी म्हणते, “होईल.” काल एक नवी मुलगी म्हणाली, “ते धाकट्या बाईंचंच होतं वाटतं.” मी म्हटलं, “सँडविच हवंय की पंचाईत?” तिला सँडविच दिलं. काकडी जरा जास्त घातली, मीही काही दगड नाही.

आणि मामंजींचं ते टण टण! आता रोजचंच झालंय. मी काकड्या पिळायला घेतल्या की हे आलेच चमचा घेऊन. काल मी वाडगा उचलून वरच्या फळीवर ठेवला, तर काठीने फळी बडवायला लागले. माझा इतका संताप झाला की मी त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला. सासऱ्यांच्या हातातून! खुर्चीवर जाऊन बसले, रिकामी मूठ तशीच धरून. मग मी ओटा दोनदा पुसला.

तुला माझा राग आहे ना? असू दे. माझ्यावर काढ, पण त्या म्हाताऱ्याच्या ताटावर काढू नकोस. त्याने तुझं काय केलंय? चिमणीला पायावर घेऊन झोपवणारे तेच होते.

लिही.

ताई


२३ एप्रिल

धाकटे,

पत्र मिळालं. या वेळी वर ‘ताई’ आहे. पाहिलं. दोनदा पाहिलं.

चिमणीला दात आला आणि शीळ गेली हे वाचून वाईट वाटलं. दात काय, कधीही आले असते. मनगटाला पट्टा बांधलास हे उत्तम. भाऊजींना माझा निरोप देऊनही ते कंबरेतूनच वाकतात, तर त्यांना त्यांच्या दैवावर सोड.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, ‘झाकणाचं निमित्त होतं, ताई, तुम्हालाही माहीत आहे.’ मला काय माहीत आहे? त्या दिवशी हॉस्पिटलच्या चादरींचं काम देणारे साहेब आले होते. उन्हातून आले म्हणून मुकादमाने त्यांना सूप दिलं. त्यांनी दोन वाट्या घेतल्या आणि विचारलं, “हे कोणी केलं?” मी खिडकीत होते, मला विचारलं, मी उत्तर दिलं. मी काय ‘मी केलं’ म्हणाले? मी म्हणाले, “आम्हीच करतो.” आम्ही म्हणजे आपण. आपण म्हणजे आपलं कॅन्टीन. तू मागे डाव घेऊन उभी होतीस, हे मला पाठीला डोळे असते तर दिसलं असतं. साहेब म्हणाले, “तुमच्या हाताला चव आहे हो.” आता भल्या माणसाला ‘थांबा, चव दुसरीच्या हाताला आहे’ असं सांगायचं? त्यांची टॅक्सी दाराशी उभी होती!

एवढंच होतं तर तेव्हाच म्हणायचं होतंस. झाकणाला काय कळतं?

आणि तू शेवटी जे लिहिलंयस ते मला मुळीच कळलं नाही. म्हणे, ‘मी इथल्या उपाहारगृहातही केलं, पण ती चव येत नाही. तुमच्या हाताचं काहीतरी होतं त्यात, ते इथे नाही.’ माझ्या हाताचं? मी तुझ्या पातेल्याला बोट लावलं नव्हतं. उगाच लोणी लावू नकोस, लावायचं तर पावाला लाव. विचारलं होतं बर्फाचं, दह्याचं, आणि तू मला हात दाखवतेस!

का तुलाही खरंच येत नाही आता? तसं असेल तर मग कठीण आहे. मला वाटत होतं, निदान एका जागी तरी ते आहे.

परवाच्या परवा डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. मामंजी कालपासून पाण्याचे घोटही मोजून घेतात. मी रोज सकाळी खुर्चीशी बसून म्हणते, “मामंजी, एक चमचा, माझ्यासाठी नको, धाकटीसाठी.” तुझं नाव काढलं की भुवई खाली येते, पण तोंड काही उघडत नाही.

जे काही असेल ते लिही. लाज वाटण्यासारखं असेल तरी लिही. मी रागावणार नाही. रागावले तरी तू लांब आहेस.

ताई


२९ एप्रिल

धाकटे, अग लबाडे,

तब्येती नंतर विचारते. आधी मला श्वास घेऊन भांडू दे.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत चहा देत होते. काकड्या पिळून झाल्या होत्या, वाडगा ओट्यावर राहिला होता, फळीवर ठेवायचा विसरले. मागे काही वाजलं नाही म्हणून मला शंका आली. चमचा गेल्यापासून रोज काठीची ठकठक व्हायची, आज शांत कसं? वळून पाहते तर मामंजी ओट्याशी उभे. चमचा मी काढून घेतला होता, म्हणून त्यांनी वाडगाच दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला होता.

मी ओरडले, “मामंजी! मोरीत ओतायचं पाणी ते!”

हातातला चहा मुकादमाच्या बाहीवर सांडला. तो म्हणाला, “थोरल्या बाई, आज धुलाई इथेच का?” पण माझं लक्ष कुठे! मामंजींनी थांबून थांबून, गिळत गिळत, अर्धा वाडगा रिकामा केला. तेच मामंजी, जे पाण्याचे घोट मोजत होते. मग मनगटाने ओठ पुसले आणि वाडगा माझ्यापुढे धरला. भुवई सपाट.

मी बोट बुडवून चाखलं.

धाकटे, ते तुझं सूप होतं. दही नव्हतं, मासा नव्हता, पण तेच होतं. गार, खारट, शेपूच्या वासाचं, आणि मागून किंचित गोड.

मग म्हातारबुवांनी मला सगळा खेळ करून दाखवला. आधी खिडकीकडे बोट केलं आणि गाल फुगवून, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. ती मी. मग खांद्यावरून वेणी मागे टाकल्यासारखं केलं आणि तुरुतुरु चालले. ती तू. मग तो वाडगा उचलून पातेल्यात रिकामा केल्याचं दाखवलं, आजूबाजूला पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. मुकादम तर भिंत धरून हसत होता. मामंजींचे खांदे असे हलत होते की मीच त्यांना धरून खुर्चीवर बसवलं.

म्हणजे अख्खा उन्हाळा तू माझा ओतायचा राग पातेल्यात घालत होतीस! मी खिडकीत उभी राहून पाव वाटायची आणि माझ्या पाठीमागे तुमचं दोघांचं हे चोरटं राज्य चालायचं! मला आठवलं, अगदी सुरुवातीला एकदा तू तो वाडगा बाजूला ठेवला होतास आणि मी म्हणाले होते, “हे नाल्याचं पाणी कुणाच्या पोटात घालणार आहेस?” चारचौघींत म्हणाले होते, आणि जरा मोठ्यानेच. पण म्हणून काय कायमचं लपवायचं? आणि कार्डावर ‘बर्फाचं पाणी’ लिहायचं? मी इथे खळ काय, रद्दी काय, मांजरांची सभा काय, सगळं करून बसले आणि ज्याच्यासाठी जीव टाकला ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने मोरीत ओतत होते! तो बिचारा वाडगा बडवत होता, तर मी त्याचा चमचा जप्त केला! तुला हसू येत असेल. ये, इथे येऊन हस.

आता तू म्हणशील, मग मला इथे का जमत नाही, मी तर इथेही काकड्या पिळून पाहिल्या. पाहिल्या असशीलच. पण तू सकाळी चिमणीला शाळेत सोडून यायचीस, तोवर माझं अर्धं काम आदल्या संध्याकाळीच, तू चिमणीपाशी गेल्यावर, होऊन गेलेलं असायचं. ते तू कधी पाहिलंच नाहीस. नुसतं मीठ लावून पिळलेलं पाणी म्हणजे खारट आसवं. माझ्या काकड्या अशा नसतात. मी चकत्यांचा एक थर लावते, त्यावर मीठ आणि चिमूटभर साखर, त्यावर शेपूचे देठ. देठ, पाला नाही. पाला सँडविचमध्ये जातो, देठ टाकायचे कशाला म्हणून मी ते मध्ये पसरते. असे थर रचून वर ताटली, आणि ताटलीवर लाँड्रीतली ती जुनी लोखंडी इस्त्री, मूठ तुटलेली, जी फेकायला निघाले होते आणि मी मागून घेतली. इस्त्रीच्या वजनाने काकड्या रात्रभर फ्रिजमध्ये आपल्या आपण पाणी सोडतात. सकाळी मी फक्त शेवटचं पिळून घेते. हे माझं कुणी शिकवलेलं नाही, पाव ओला होऊ नये एवढ्यासाठी मी आपलं बसवलेलं.

तेव्हा तुझ्या सुपात ‘माझ्या हाताचं काहीतरी’ होतं ते हे. आणि माझ्याकडे तुझ्या हाताचं नव्हतं. तू तिकडे चरफडत होतीस, मी इकडे. साहेबांना मी ‘आम्ही’ म्हणाले ते, बघ, खोटं नव्हतं. फक्त तेव्हा ते मला माहीत नव्हतं, आणि तुला माहीत होतं. म्हणून तुला जास्त लागलं असेल. हे मी परवा काकड्या सोलताना बराच वेळ बोलत होते, ऐकायला फक्त काकड्या होत्या.

बर्फाचं पाणी न घालता ते पाणी घालून मी त्याच दुपारी सूप केलं. मीठ मुळीच घातलं नाही. ट्यूना धुतला नाही. गाळून, गार करून वाटी मामंजींपुढे ठेवली आणि चमचा परत केला. चमचा त्यांनी पुसून घेतला, इतका अपमान त्यांच्या लक्षात होता. मग वाटी संपवली. संध्याकाळी आणखी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधी ते मागच्या घरातून स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसले होते, गळ्याशी नॅपकिन लावून.

डॉक्टरीणबाईंनी परवा तपासलं. वजन वाढलेलं नाही, पण उतरायचं थांबलंय. म्हणाल्या, “नळीचं आता राहू दे. जे देताय ते देत राहा. काय देताय?” मी सांगितलं, काकडी, दही, ट्यूना. रागाचं सांगितलं नाही, त्या शिकलेल्या बाई, कुठे लिहून घ्यायच्या.

काल लाँड्रीत सगळ्यांसाठी केलं. रांग बॉयलरच्या दारापर्यंत गेली. मुकादमाने वाटी चाटूनपुसून ठेवली आणि मुद्दामच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “थोरल्या बाई, हे कोणी केलं?”

मी म्हणाले, “धाकटीने.”

“ती तर इथे नाही.”

“म्हणून तर जरा पातळ झालंय,” मी म्हणाले. “तिचं नाव आधी घ्यायचं, मग माझं. उरलं तर आजोबांचं.” मामंजींनी काठी आपटून अनुमोदन दिलं. ती नवी मुलगी हसली. तिला मी दुसरी वाटी दिली.

पातळ झालंय हे खरं आहे हं. तू ते कसं घोटायचीस देव जाणे. मामंजी खातात, पण दुसऱ्या वाटीला भुवई अर्धी वर जाते. पूर्ण नाही, अर्धी. म्हणजे ‘ठीक आहे, पण’. ते ‘पण’ माझ्याने निघत नाही, मी करून पाहिलं. पाणी पाकिटात घालता येत नाही, नाहीतर याच टपालाने पाठवलं असतं. मला तुझं मनगट पाठव म्हणायची सोय नाही. तेव्हा दोघींपैकी एकीला हलावं लागणार, आणि इस्त्री माझ्याने उचलून गाडीत चढववत नाही.

चिमणीच्या शाळेला सुट्टी कधी लागते? भाऊजींना कंबरेसाठी विश्रांती हवीच आहे. मागची खोली मी झाडून ठेवलीय, ती कशीही झाडायचीच होती. काकड्या आणखी दोन महिने तरी मिळतील. पातेल्याला मी नवीन झाकण आणलंय, चांगलं घट्ट बसतं. आपटलंस तरी चेपणार नाही, दुकानात ओट्यावर आपटून पाहिलं.

उलट टपाली लिही. सुरुवात काकड्यांनी केलीस तरी चालेल, पण खाली नाव घाल, आणि कुठली गाडी ते घाल.

तुझी,
ताई